काच आहे, सांभाळून!

एफवायच्या दुसऱ्या की तिसऱ्या प्रॅक्टिकलला माझ्या हातून बीकर फुटला होता. खळ्ळकन आवाज झाला, अख्ख्या लॅबने वळून बघितलं आणि लॅबमधल्या मामांनी मान वर न करता रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, रोल नंबर आणि समोरच्या रकान्यात 'ब्रेकेज'. वर्षअखेरीस डिपॉझिटमधून पैसे कापले गेले ते वेगळंच. "काच ती काच, फुटणारच," एवढंच मामा म्हणाले आणि केरसुणी माझ्या हातात दिली.

काच म्हणजे नाजूक, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं! अब्रू काचेच्या भांड्यासारखी असते म्हणतात. घर बदलताना खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरात 'काच सामान' लिहितात. त्यामुळे अणुभट्टीतून निघणारा सगळ्यात घातक कचरा काचेत बंद करून ठेवतात, आणि तोही हजारो वर्षं टिकावा म्हणून, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मामाच आठवले. या कचऱ्याचं ब्रेकेज कोणाच्या डिपॉझिटमधून कापणार?

बरं, ही काच कोणती? तर बोरोसिलिकेट. म्हणजे माझ्या हातून फुटलेल्या बीकरची सख्खी नाही, तरी चुलत बहीण. आणि ती बनते कुठे, हे शोधायला फ्रान्स-अमेरिकेला जायची गरज नाही. विरारहून डहाणू लोकल पकडली की बोईसर लागतं. तिथून समुद्राकडे गेलं की तारापूर. तारापूरच्या अणुवीज केंद्राबद्दल शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेलं असतं: देशातलं पहिलं, १९६९. पण त्याच परिसरात अणुकचऱ्याची काच ओतली जाते, हे त्या एका मार्कात मावत नाही. देशात असं काम तीन ठिकाणी चालतं, ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पक्कम. त्यातली दोन महाराष्ट्रात. म्हणजे विषय तसा आपल्या अंगणातलाच.

हिरवा चिकट द्रव? छे!

'डार्क' ही सीरिज बघितलेल्यांच्या डोळ्यांसमोर अणुकचरा म्हटलं की पिवळी पिंपं येतात. कार्टून बघून मोठ्या झालेल्यांच्या डोळ्यांसमोर हिरवा चमकणारा द्रव. खरी गोष्ट बरीच कमी फोटोजेनिक आहे.

अणुभट्टीत युरेनियमचा अणू फुटतो, ऊर्जा बाहेर पडते आणि त्या एका अणूचे दोन लहान अणू होतात. कधी सिझियम आणि रुबिडियम, कधी बेरियम आणि क्रिप्टॉन, कधी आणखी काही. प्रत्येक वेळी जोडी वेगळी. असं करत करत इंधनाच्या नळीत चाळीसच्या आसपास मूलद्रव्यांची गर्दी होते आणि त्यातली बरीच किरणोत्सारी असतात. शिवाय काही युरेनियम न फुटता न्यूट्रॉन गिळून बसतं. त्याचं प्लुटोनियम होतं, अमेरिसियम होतं, क्युरियम होतं.

हे वापरलेलं इंधन बाहेर काढलं की आधी काही वर्षं पाण्याच्या खोल टाकीत थंड करतात. काही देश ते पुढे जसंच्या तसं पुरायचं ठरवतात. फिनलंडने त्यासाठी ऑन्कालो इथे चारशे मीटरहून जास्त खोल, खडकात बोगदे खणले आहेत. भारताचा विचार वेगळा. आपल्याकडे युरेनियम कमी, म्हणून वापरलेल्या इंधनात उरलेलं युरेनियम आणि नव्याने तयार झालेलं प्लुटोनियम परत काढून घ्यायचं, हे होमी भाभांच्या काळापासूनचं धोरण. त्यासाठीचा पहिला कारखाना ट्रॉम्बेला १९६४ मध्ये सुरू झाला. इंधनाच्या नळ्यांचे तुकडे करायचे, ते गरम नायट्रिक आम्लात विरघळवायचे आणि ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाच्या द्रवाने युरेनियम-प्लुटोनियम ओढून घ्यायचं. बारावीला सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन शिकवतात ना, तेच. फक्त इथे सेपरेटिंग फनेल हातात धरायला कोणी जात नाही.

हे झाल्यावर खाली जे आम्ल उरतं, तो खरा 'हाय लेव्हल' कचरा. अणुउद्योगाच्या एकूण कचऱ्यात त्याचं आकारमान जेमतेम तीन टक्के धरतात, पण किरणोत्साराचा जवळपास ९५ टक्के वाटा त्याच्यात असतो. बाकीचे हातमोजे, फिल्टर, पाइप, धुण्याचं पाणी वगैरेंचा बंदोबस्त सिमेंटमध्ये वगैरे करता येतो. या आम्लाचं मात्र तसं नाही. ते स्वतःच्याच किरणोत्साराने तापत राहतं. बटण बंद केलं आणि थंड झालं, असा प्रकारच नाही. स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांमध्ये, पाण्याच्या नळ्या फिरवून, ते सतत थंड ठेवावं लागतं. रोज. रात्री. सुट्टीच्या दिवशी. आणि द्रव म्हटला की तो गळू शकतो, उडू शकतो, जमिनीत मुरू शकतो.

रविवारची दुपार, १९५७

थंड ठेवणं थांबलं तर काय होतं, याचं उत्तर रशियाकडे आहे, आणि ते त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ जगाला सांगितलं नव्हतं.

उरल पर्वताच्या परिसरात मायाक नावाचा अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणारा कारखाना होता. त्याच्या शेजारी वसवलेलं शहर नकाशावर दाखवायचीही बंदी होती. तिथे असंच अतिकिरणोत्सारी आम्ल जमिनीखालच्या टाक्यांमध्ये साठवलेलं होतं. एका टाकीची थंड करायची यंत्रणा बिघडली. कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी वेळेत काही झालं नाही. आतलं पाणी हळूहळू वाफ होऊन उडालं आणि खाली नायट्रेट आणि अ‍ॅसिटेटचे कोरडे क्षार उरले. हे मिश्रण बारुदापेक्षा फार वेगळं नसतं. २९ सप्टेंबर १९५७, रविवार. दुपारी टाकीचा स्फोट झाला. टाकीवरचं सुमारे १६० टनांचं काँक्रीटचं झाकण उडालं. किरणोत्सारी ढग शेकडो किलोमीटर पसरला आणि पुढच्या काळात दहा हजारांहून जास्त लोकांना गावं सोडावी लागली. बऱ्याच जणांना का सोडायची, हेही सांगण्यात आलं नाही.

शहराचं नाव गुपित असल्यामुळे या अपघाताला जवळच्या दुसऱ्याच गावाचं, किश्तिमचं नाव पडलं. सोव्हिएत सरकारने तो अधिकृतपणे मान्य केला १९८९ मध्ये.

इथे अणुभट्टी फुटलेली नव्हती, हे लक्षात घ्या. फुटला होता तो कचरा. चेर्नोबिल सगळ्यांना माहीत असतं, त्यावर सीरिज आली. किश्तिमवर कोणी बनवली नाही. माझ्या मते कचऱ्याची काच का करायची, याचं निम्मं उत्तर त्या एका रविवारी दडलेलं आहे. ज्याच्याकडे सतत लक्ष द्यावं लागतं, ती वस्तू कितीही चांगल्या टाकीत ठेवली तरी तिची सुरक्षितता शेवटी माणसाच्या लक्ष देण्यावर टांगलेली असते. आणि माणूस म्हटलं की जांभई आलीच.

काचेतली चौथी सीट

मग घन पदार्थ करायचा, हे ठरलं. पण काचच का? सिमेंट का नाही? स्फटिक का नाही?

स्फटिकाची रचना म्हणजे रिझर्व्हेशनचा डबा. प्रत्येक अणूची जागा ठरलेली, मापात. मिठाच्या स्फटिकात सोडियमच्या जागी भलत्याच आकाराचा अणू घुसवायला गेलात तर रचना कुरकुरते. काच म्हणजे लोकलचा सेकंड क्लास. सिलिकॉन आणि ऑक्सिजनची जाळी आहे, पण वेडीवाकडी. ठरलेल्या जागा नाहीत, त्यामुळे सगळ्यांना कुठे ना कुठे जागा मिळते. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, कोणी दारात उभा राहतो, कोणी दोघांच्या मध्ये. आपल्याकडच्या कचऱ्यात चाळीस प्रकारचे प्रवासी आहेत, लहान-मोठे, एक धन भारवाले, दोनवाले, तीनवाले. एवढ्या तऱ्हांना एकाच डब्यात बसवायचं तर काच सोयीची. आणि महत्त्वाचं म्हणजे हे प्रवासी काचेत नुसते कोंडलेले नसतात. ते त्या जाळीचाच भाग होतात. कचरा काचेच्या बरणीत भरून झाकण लावलंय, असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते पुसून टाका. कचरा म्हणजेच काच. हिरव्या बांगडीत हिरवा रंग 'भरलेला' नसतो, तो काचेतच मुरलेला असतो. अगदी तसंच.

आणखी एक फायदा. किरणोत्साराच्या माऱ्याने स्फटिकाची शिस्तबद्ध रचना कालांतराने विस्कटते. काच मुळातच विस्कटलेली. तिचं आणखी काय विस्कटणार!

यात बोरॉन कशाला? शुद्ध वाळू वितळवायची तर सतराशे अंशांच्या वर जावं लागतं आणि एवढ्या उष्णतेत सिझियमसारखी मंडळी वाफ होऊन पळतात. ज्याला कोंडायचं तोच धुराड्यातून निसटला तर सगळी मेहनत पाण्यात. बोरॉन आणि सोडियम घातलं की काम हजार अंशांच्या आसपास होतं. काचेच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा कचरा आणि बाकी काच, असं प्रमाण सर्वसाधारणपणे ठेवतात. जास्त कोंबलं की भांडणं सुरू होतात.

या भांडणाचा एक किस्सा ट्रॉम्बेचा आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. तिथल्या जुन्या कचऱ्यात सल्फेट होतं. पुनर्प्रक्रियेत वापरलेल्या एका रसायनातून ते आलेलं. सल्फेट नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत नीट विरघळत नाही. मिसळीच्या रश्श्यावर तर्री तरंगावी तसा त्याचा पिवळा थर वितळलेल्या काचेवर जमतो. बरं, नुसता जमला असता तर काढून टाकला असता. पण तो थर सिझियमला सोबत घेऊन वर येतो आणि वर पाण्यात सहज विरघळतो. म्हणजे ज्या पाण्यापासून सिझियमला लपवायचं, त्याच्याच हवाली करायचं! परदेशातून तयार रेसिपी आणून हे सुटणारं नव्हतं, कारण त्यांचा कचरा वेगळा. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी सोडियमवाल्या काचेत बेरियम आणलं, आणि बेरियम बोरोसिलिकेट काचेने हे सल्फेट पोटात घेतलं. ट्रॉम्बेच्या कचऱ्यासाठी मग तीच काच वापरली गेली.

ऑर्गॅनिक-इनऑर्गॅनिकच्या भांडणात इनऑर्गॅनिकला नेहमी 'बोअर' म्हणणाऱ्यांसाठी ही माझ्याकडून सप्रेम भेट.

भट्टीपाशी कोणी नसतं

फिरोजाबादच्या बांगड्यांच्या कारखान्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. भट्टी, लालभडक काच आणि तिच्या अगदी जवळ उभे असलेले कारागीर. इथली भट्टीही तशीच लाल, पण तिच्या जवळपास चिटपाखरूही नसतं. काचेने भरलेल्या ताज्या डब्याशेजारी कोणी आडोशाविना उभं राहिलं तर काही क्षणांत जिवावर बेतेल इतका मारा मिळतो. म्हणून सगळं काम 'हॉट सेल'मध्ये. मीटर-दीड मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, आत यांत्रिक हात, बाहेर ते हात चालवणारा माणूस. त्याला आतलं दिसावं म्हणून भिंतीत जाडजूड खिडकी असते आणि तीही काचेचीच, शिसं घातलेली, पिवळसर. काचेतून बघत काच बनवायची!

यांत्रिक हाताने एखादा नट फिरवायचा सराव करायलासुद्धा दिवसच्या दिवस लागतात. आत काही बिघडलं की प्लंबर बोलवून चालत नाही. म्हणून आतल्या प्रत्येक यंत्राचं डिझाइन करताना पहिला प्रश्न हाच, की हे लांबून सुटं करता येईल का?

भट्ट्यांचे प्रकार दोन-तीन आहेत. सुरुवातीच्या भट्टीत धातूचं भांडं बाहेरून इंडक्शनने तापवायचे. घरातल्या इंडक्शन शेगडीचं तत्त्वच, आकडे फक्त अवाढव्य. यात भांडं लवकर झिजतं, बदलावं लागतं आणि बदललेलं भांडं स्वतःच किरणोत्सारी कचरा होऊन बसतं. तारापूरला पुढे सिरॅमिकची भट्टी आली. तिची गंमत बघा. थंड काच विजेची दुर्वाहक असते हे आपण आठवीत शिकतो. पण वितळलेल्या काचेतून वीज जाते, कारण आयन हलायला मोकळे होतात. म्हणून आधी ती बाहेरून तापवून वितळवायची, आणि एकदा वितळली की तिच्यातून सरळ वीज सोडायची. मग काच स्वतःलाच तापवते. याच्या पुढची पायरी म्हणजे 'कोल्ड क्रुसिबल'. इथे भांड्याच्या भिंतीत थंड पाणी खेळवतात. भिंतीलगतची काच गोठून तिचा एक पातळ पापुद्रा होतो आणि आतल्या उकळत्या काचेपासून तोच भांड्याचं रक्षण करतो. फ्रान्समध्ये ला हाग इथे ही पद्धत २०१० पासून वापरात आहे, आपल्याकडेही भाभा केंद्राने ती विकसित केली आहे.

वितळलेली काच स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओततात, झाकण वेल्ड करतात, डबे पुन्हा एका मोठ्या स्टीलच्या आवरणात घालतात आणि तारापूरच्या साठवण कोठीत उभे करतात. ही कोठी मला सगळ्या यंत्रणेतली सगळ्यात शहाणी वस्तू वाटते. डबे अजून गरमच असतात. पण त्यांना थंड करायला इथे पंप नाही, पंखा नाही. डब्यांभोवतीची हवा तापते, तापलेली हवा उंच धुराड्यातून वर जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा आत येते. जेवढी उष्णता जास्त, तेवढा झोत जोरात. वीज गेली तरी हवा वर जायची थांबत नाही. किश्तिमच्या टाकीकडे नेमकं हेच नव्हतं.

हे सगळं ऐकून 'यात काय मोठंसं' असं वाटलं तर अमेरिकेकडे बघा. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला बॉम्बच्या काळातला कचरा १७७ भूमिगत टाक्यांमध्ये पडून आहे. सुमारे साडेपाच कोटी गॅलन, लिटरमध्ये वीस कोटींच्या वर. काही टाक्या गळूनही झाल्या. तिथल्या काच कारखान्याचं बांधकाम २००२ मध्ये सुरू झालं आणि खऱ्या कचऱ्याची काच ओतायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. तीही कमी किरणोत्सारी भागाची. जपानच्या रोक्काशोमध्ये तर पॅलेडियम, रोडियमसारखे जड धातू भट्टीच्या तळाशी गाळासारखे बसले आणि चाचण्या वर्षानुवर्षं रखडल्या. पैसा आणि तंत्रज्ञान दोन्ही असलेल्यांची ही अवस्था.

फुटली तर?

आता मामांच्या मुद्द्यावर येऊ. काच फुटणारच. आणि खरंच, डब्यातली काच थंड होताना तडकतेच. आतला ठोकळा अखंड नसतो, त्यात भेगा असतात, हे शास्त्रज्ञ लपवतही नाहीत, गणितात धरतात. पण प्रश्न फुटण्याचा नाहीच. फुटलेल्या बीकरचे तुकडे मी केरसुणीने भरले तेव्हा ते काचच होते. पाण्यात टाकले असते तरी विरघळले नसते. अणुकचऱ्याच्या बाबतीत शत्रू हातोडा नसून पाणी आहे. शे-पाचशे मीटर खोल खडकात पुरलेल्या डब्यापर्यंत कधीतरी पाणी पोचणार, स्टील गंजणार, मग पाणी काचेला भिडणार. तिथून पुढे काच किती हळू विरघळते, यावर सगळं अवलंबून.

प्रयोगशाळेत काच गरम पाण्यात महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं बुडवून ठेवतात. सुरुवातीला ती थोडी विरघळते, मग पृष्ठभागावर जेलसारखा थर तयार होतो आणि तोच पुढच्या पाण्याला अडवू लागतो. पण प्रयोग दहा-वीस वर्षांचा आणि दावा हजारो वर्षांचा, हे कसं जमायचं? मग शास्त्रज्ञ इतिहासाकडे वळतात. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, एम्बिए बेटापाशी, सुमारे १,८०० वर्षांपूर्वी बुडालेलं एक रोमन जहाज सापडलं. त्यात कच्च्या काचेचे ठोकळे होते, ओतताना तडकलेले, म्हणजे आपल्या डब्यातल्या काचेसारखेच. अठरा शतकं समुद्राच्या पाण्यात राहूनही आतली काच शाबूत होती. बारीक भेगांमध्ये तर बदल फारच कमी, कारण काच झिजून तयार झालेल्या पदार्थांनीच त्या बुजवून टाकल्या होत्या. आपल्याकडे नेवाशाच्या, तेरच्या उत्खननात निघालेले सातवाहनकाळातले काचेचे मणी आजही मणी म्हणून ओळखू येतात. ती काच वेगळी, माती वेगळी, हे मान्य. पण दोन हजार वर्षं हा शब्द नुसता कागदावरचा राहत नाही.

आता हिशेब करा. कचऱ्यातले मुख्य त्रासदायक म्हणजे सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. दोघांचं अर्धायुष्य सुमारे तीस वर्षं. समजा शिवराज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ मध्ये, रायगडावर कोणी या काचेचा डबा पुरला असता, तर आज त्यातल्या सिझियमचा हजारावा भागही उरला नसता. एवढा काळ काच आरामात काढेल. खरी डोकेदुखी प्लुटोनियम, अमेरिसियम आणि त्यांच्या भावंडांची. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षं. नेप्च्युनियम-२३७ चं वीस लाखांच्या वर. इथे रोमन जहाजही तोकडं पडतं. म्हणून आता ही दीर्घायुषी मंडळी काच करण्याआधीच वेगळी काढायची आणि वेगवान न्यूट्रॉनच्या अणुभट्टीत जाळायची, असा विचार चालू आहे. तारापूरला ती वेगळी काढण्याचं प्रात्यक्षिक केंद्रही आहे. जाळायचा भाग मात्र अजून लांबचा पल्ला आहे. त्यावर आत्ताच टाळ्या वाजवणं मला उतावीळपणाचं वाटतं.

कचऱ्यातली पेन्सिल

१९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोइआनिया शहरात एका बंद पडलेल्या दवाखान्यातून दोघांनी कॅन्सरवरच्या उपचाराचं जुनं यंत्र भंगारात विकायला उचललं. भंगारवाल्याने ते फोडलं. आतली पावडर अंधारात निळी चमकत होती. त्याने ती कौतुकाने नातेवाइकांना, मित्रांना वाटली. कोणी अंगाला लावली. सहा वर्षांच्या एका मुलीने त्याच हातांनी खाल्लं. पावडर होती सिझियम-१३७ क्लोराइडची. चौघांचा जीव गेला, त्यात ती मुलगीही होती. एक लाखाहून जास्त लोकांना तपासणीसाठी रांगा लावाव्या लागल्या.

तेच सिझियम. पण मीठ होतं म्हणून सांडलं, हाताला लागलं, पाण्यात विरघळलं, घरोघरी गेलं.

ट्रॉम्बेला कचऱ्यातून सिझियम वेगळं काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली केल्या जातात. त्या रक्त किरणित करण्याच्या यंत्रात जातात. रक्त द्यायच्या आधी ते कशाला किरणित करायचं? प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाला, समजा कॅन्सरच्या, दुसऱ्याचं रक्त दिलं तर त्यातल्या पांढऱ्या पेशी कधीकधी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात आणि ते जीवघेणं ठरू शकतं. गॅमा किरणांचा ठरावीक मारा दिला की या पेशींची वाढायची ताकद जाते, रक्त मात्र वापरता येतं. सिझियम काचेत असल्यामुळे पेन्सिल तुटली तरी पावडर उधळत नाही. कचऱ्यातूनच काढलेल्या रुथेनियम-१०६ च्या छोट्या चकत्या डोळ्याच्या कॅन्सरवर वापरल्या जातात, तेही भाभा केंद्राचंच काम.

पण डबे जाणार कुठे?

इथवर वाचून 'चला, सुटला प्रश्न' असं वाटायला लागलं असेल तर थांबा.

काच ही मुक्कामाची जागा नाही, प्रवासाची बॅग आहे. तारापूरच्या कोठीत डबे किमान तीसेक वर्षं थंड व्हायचे आणि मग खोल खडकात जायचे, असा बेत आहे. ती खोल जागा भारतात अजून ठरलेली नाही. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या वापरात नसलेल्या भागात, जवळपास हजार मीटर खोल, खडकात हीटर बसवून तापल्यावर तो कसा वागतो हे तपासलं होतं. पुढे ग्रॅनाइटचे पट्टे अभ्यासले गेले. अधिकृत भूमिका अशी, की काचेचं आकारमान इतकं कमी आहे की घाई नाही. आकारमान कमी आहे हे खरंच. हजार मेगावॉटच्या अणुभट्टीच्या वर्षभराच्या कचऱ्याची काच साधारण तीन घनमीटर होते, एका टेम्पोत मावेल एवढी. पण 'घाई नाही' आणि 'भिजत घोंगडं' यांतली सीमारेषा पुसट असते.

शिवाय जागा ठरवायची म्हणजे कोणाच्या तरी गावाखाली. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाच्या तक्रारी किती वर्षं चालल्या, हे पालघरच्या मित्रमैत्रिणींना विचारा. जैतापूरला, माडबनच्या सड्यावर, सहा मोठ्या अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे आणि तिथल्या प्रत्येक सभेत कोणीतरी उठून हाच प्रश्न विचारतं, कचऱ्याचं काय करणार? त्याला 'काच करणार' हे बरोबर उत्तर आहे, पण अर्धं. कोणती काच, किती झाली, कुठे ठेवली, तपासली कोणी, हे आकडे सर्वसामान्यांना सहज मिळायला हवेत आणि ते मिळत नाहीत. अणुऊर्जेचा कारभार आपल्याकडे आडपडद्याचाच राहिला आहे. किश्तिमच्या लोकांना आजार किरणोत्साराने दिला, पण अंधारात ठेवलं ते माणसांनी. काचेच्या रसायनशास्त्रावर माझा विश्वास बसलाय, तो वाचून, आकडे बघून बसलाय. खडकाच्या जागेबद्दलही तसाच बसावा, एवढीच अपेक्षा आहे.

आज तारापूरच्या कोठीत उभा केलेला डबा तीस वर्षांनी हलवायचा ठरला, तर आत्ता एफवायला असलेले तेव्हा पन्नाशीला टेकलेले असतील. कोणी भूगर्भशास्त्रज्ञ असेल, कोणी जिल्हाधिकारी, कोणी ज्या गावाखाली बोगदा खणायचा तिथला सरपंच. तोवर धुराड्यातून गरम हवा वर जात राहील.